आवाज आला नाही, म्हणजे ठीक आहे?

आमच्या धंद्यात एक वाक्य फार प्रेमानं बोललं जातं: "सगळं ग्रीन आहे." सकाळच्या मीटिंगमध्ये कोणीतरी डॅशबोर्ड शेअर करतं, हिरव्या चौकोनांची शेती दिसते आणि सगळे चहाला जातात. माझ्या मते हे वाक्य बोलणाऱ्याला तिथेच अडवून विचारलं पाहिजे: ग्रीन आहे हे सांगितलं कोणी, आणि शेवटचं कधी?

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. तो एजंट. डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, हे तो ठरावीक वेळाने कळवत राहतो. आकडा बिघडला की अलर्ट जातो आणि रात्री कोणाचा तरी फोन वाजतो. आता एजंटच मेला तर? आकडा येतच नाही. 'डिस्क ९० टक्क्यांवर गेली तर उठव' हा नियम न आलेल्या आकड्याला लागू होत नाही. प्रोमिथियसमध्ये अशा नियमाचं उत्तर रिकामं येतं, आणि रिकामं उत्तर म्हणजे अलर्ट नाही. फोन गप्प. झोप छान.

हे नुसतं कॉम्प्युटरचं दुखणं नाही. माझं गाव आसगाव, पवनी तालुक्यातलं. आमच्या बाजूच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला जंगलात जय नावाचा वाघ होता. 'शोले'तला जय. नागझिऱ्याहून तो २०१३मध्ये इकडे आला आणि बघता बघता देशभर गाजला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. १८ एप्रिल २०१६ला तिचा शेवटचा सिग्नल आला. जय हरवल्याचा देशभर बोभाटा झाला तो जुलैत. मग वनखात्याची माणसं, स्वयंसेवक, गावकरी जंगल तुडवत फिरले. जय आजतागायत सापडलेला नाही.

आमच्या भाषेत वाघ म्हणजे होस्ट आणि कॉलर म्हणजे एजंट. सिग्नल थांबला तर वाघ मेला असेल, कॉलर बिघडली असेल, किंवा वाघ अँटेनाच्या टप्प्याबाहेर गेला असेल. तिन्हींत पडद्यावर दिसतं एकच: काही नाही. त्याची आधीची कॉलर एकदा बिघडली होती, त्यामुळे 'यंत्रच खराब असेल' हे सोयीचं उत्तर हाताशी होतं. पुढच्याच वर्षी त्याचा छावा श्रीनिवास नागभीडकडे शेतातल्या वीजप्रवाहाच्या तारेला लागून मेला. त्याच्याही गळ्यात कॉलर होती. लाखमोलाचं यंत्र गळ्यात बांधायचं आणि ते गप्प झाल्यावर किती तासांत कोण जागेवर जाऊन बघणार हे कागदावर लिहून ठेवायचं नाही, याला मी देखरेख म्हणणार नाही.

धान पिकायला आलं की आमच्याकडे रानडुकरांसाठी जागलीला जातात. मचाणावरचा माणूस डबा वाजवतो, हाळी देतो, आणि बाजूच्या शेतातून उत्तर येतं. डुकरं हाकलणं हा त्या हाळीचा अर्धाच उपयोग. माझे काकाजी म्हणतात, "आवाज नाही आला त पाहाले जाच लागते." कारण पलीकडचा झोपला असेल, नाहीतर त्याला साप चावला असेल. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला कळणारी ही गोष्ट आमच्या आर्किटेक्चरच्या प्रेझेंटेशनमध्ये नसते.

आणि हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. १४ ऑगस्ट २००३, अमेरिकेतलं ओहायो. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधलं अलार्म सॉफ्टवेअर दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी अडकलं. ऑपरेटरांना तासाभरापेक्षा जास्त वेळ ते कळलंच नाही. बाहेरून लाइन पडल्याचे फोन येत होते, पण पडदा शांत होता, म्हणून विश्वास पडद्यावर. चारनंतर अमेरिका-कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनची एसथ्री सेवा पडली, तर 'सेवा ठीक आहे का' हे दाखवणारं त्यांचं पानच एसथ्रीवर अवलंबून होतं. ते बदलताच येईना. दिवे हिरवेच!

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अलर्ट आधीच फार आहेत, त्यात एजंटचे कशाला?" मी आधी जिथे काम करत होते तिथे (नाव जाऊ दे) 'एजंट अनरीचेबल' हे तिकीट १५ मिनिटांत आपोआप बंद करणारी स्क्रिप्ट होती. तशी मेल वरून आलेली, कारण महिन्याच्या रिपोर्टमध्ये उघडी तिकिटं वाईट दिसतात. एका पॅचिंगच्या शनिवारी एका बॅकअप सर्व्हरचा एजंट बंद पडला तो उठलाच नाही. डिस्क भरली. सहा आठवडे बॅकअप झालं नाही, आणि ते कळलं फाइल परत हवी झाली त्या दिवशी. नोकरी गेली रात्रपाळीच्या कंत्राटी पोराची. मेल पाठवणाऱ्याचं प्रमोशन झालं. म्हणून मला हा विषय तांत्रिक वाटत नाही. गप्प राहिलेल्या यंत्राचा हिशेब नेहमी सगळ्यात खालच्या माणसाकडून वसूल होतो.

उपाय अवघड नाहीत, म्हणून तर राग येतो. झॅबिक्समध्ये 'नोडेटा' आहे, प्रोमिथियसमध्ये 'अप' आणि 'ॲब्सेंट' आहेत. होस्ट जिवंत आहे का, हे एजंटला न विचारता बाहेरून तपासायचं. एजंट जिवंत आहे का, हे वेगळं. त्याचा आकडा आत्ताचा आहे की कालचा, हे आणखी वेगळं. या सगळ्यावर एक अलर्ट कायम वाजता ठेवायचा, म्हणजे तो थांबला की दुसऱ्या, स्वतंत्र यंत्रणेनं उठवायचं. ही आमची हाळी. आणि क्लाउडच्या बिलात जितके सर्व्हर आहेत तितकेच मॉनिटरिंगमध्ये आहेत का, हे महिन्यातून एकदा मोजायचं. यादीत नसलेला सर्व्हर 'डाउन'सुद्धा दिसत नाही.

तुमच्या टीममध्ये कोणी "आमचं सगळं कव्हर आहे" म्हणालं तर वाद घालू नका. परवानगी घ्या, भर दुपारी एका बिनमहत्त्वाच्या सर्व्हरवरचा एजंट बंद करा आणि घड्याळ लावा. फोन किती मिनिटांनी वाजतो ते बघा. संध्याकाळपर्यंत वाजला नाही, तर तो आकडा पुढच्या मीटिंगमध्ये त्या हिरव्या डॅशबोर्डच्या शेजारी लावा, आणि तिकिटं बंद करणाऱ्या स्क्रिप्टला मंजुरी कोणी दिली ते नावानिशी विचारा.