हॅलो, माइक टेस्टिंग!

कमिटीवर माणसाला घेतात ते त्याला त्या विषयातलं काही कळतं म्हणून नव्हे. ज्या दिवशी नावं ठरतात त्या दिवशी तो सभेला नसतो म्हणून. आमच्या बारामतीच्या ख्रिस्तमंदिरासाठी माइक, स्पीकर आणि पडदा निवडणाऱ्या चौघांत माझं नाव पडलं ते असंच. रेडिओचा कान उजवीकडे पिळला की तो मोठ्यानं बोलतो, एवढंच माझं या शास्त्रातलं ज्ञान.

निमित्त झालं आमच्या बाईंचं. बाई म्हणजे मला चौथीत शिकवणाऱ्या बाई. आता वय ऐंशीच्या पुढं, जागा शेवटचा बाक. नाताळची उपासना संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"काय रे, पाळकसाहेब आज कशावर बोलले?"

"बाई, तुम्ही तर इथंच होतात!"

"होते ना. आवाज भरपूर आला. शब्द काही आला नाही."

हे मी सभेत जसंच्या तसं सांगितलं आणि घोळ झाला. बाईंचं म्हणणं होतं, शब्द येत नाही. सभेनं ऐकलं, आवाज पुरत नाही. खजिनदारांनी चष्मा पुसून तीन लाखांचा आकडा मांडला. तरुण संघाच्या सेक्रेटरीनं खिशातून यादीच काढली : पंधरा इंची बेसचे दोन खोके, बारा माइकचा मिक्सर, आणि व्यासपीठामागं एलईडीची भिंत. इंदापूरला एका मंडपवाल्याकडं असाच सेट आहे, तो आधी पाहून या, असं ठरलं. माझी आणि सेक्रेटरीची रवानगी एसटीनं झाली.

मंडपवाल्यानं गाणं लावलं. दुकानाचं शटर थरथरलं, समोरच्या टपरीवरचे ग्लास वाजले. सेक्रेटरी खूश होऊन म्हणाला, "काका, कसा छातीत बसतोय बघा!"

मी म्हटलं, "बाबा, छातीत बसायला या वयात दुसरंही बरंच काही आहे. कानात बसतो का ते बघ. अहो, यावर जरा काहीतरी वाचून दाखवता का?"

मंडपवाला चमकला. इतक्या वर्षांच्या धंद्यात 'वाजवून दाखवा' सगळे म्हणाले होते, 'वाचून दाखवा' म्हणणारा मी पहिलाच. त्यानं समोरचं बिल उचललं आणि माइकवर वाचायला घेतलं. इको चालू होता. "एकूण रक्कम" एवढेच शब्द बाहेर आले, पण "रक्कम, क्कम, कम" असे. म्हणजे ऐकता ऐकताच रक्कम कमी झाली. तीन लाखांच्या सेटकडून मला मिळालेला तेवढाच दिलासा.

आता माझं म्हणणं स्पष्टच सांगतो. मोठा आवाज आणि स्पष्ट शब्द हे सख्खे भाऊ नव्हेत. उंच छपराच्या, उघड्या भिंतींच्या इमारतीत तर ते एकमेकांचे भाऊबंद असतात, आणि भाऊबंदकी काय चीज आहे हे बारामती-इंदापूरकडच्या माणसाला मी सांगायला नको. आमच्या मंदिरात खाली शहाबादी फरशी, बाजूला चुन्याच्या भिंती. पाळकसाहेबांचा एक शब्द भिंतीवर आपटून परततो, तोवर दुसरा निघालेला असतो. वाटेत दोघांची टक्कर होते. स्पीकर मोठा केला म्हणजे शब्द मोठा होतो, तशी टक्करही मोठी होते. त्यात बेसचा दणका वाढवला की व्यंजनं गिळली जातात आणि नुसते स्वर उरतात. मग 'पाप' आणि 'बाप' सारखेच ऐकू येतात. ख्रिस्ती उपदेशात हा फरक बराच महत्त्वाचा आहे.

हे दुखणं आमचं एकट्याचं नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं १८९५ साली व्याख्यानाचं एक नवं दालन बांधलं. तिथं बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. इलाज शोधण्याचं काम वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर आलं. (तोही बहुधा सभेला गैरहजर असावा.) तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणी, दालनात पसरी, ऑर्गनची एक नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी आणि गाद्या परत नेऊन ठेवी. त्यातून कळलं ते हे, की घुमणारा आवाज गाद्या खातात, पडदे खातात, आणि कपडे घालून बसलेली माणसंही खातात. त्याचं गणित आजही वापरतात. त्याला स्पीकर सुचला नाही, कारण तो तेव्हा मिळतच नव्हता. म्हणून त्याला डोकं वापरावं लागलं.

परतीची एसटी निमगाव केतकी, लासुर्णे, बेलवाडी अशी निघाली. म्हणजे तुकोबांच्या पालखीच्या वाटेनंच, पण उलटी. बेलवाडीला दरवर्षी रिंगण होतं. दिंडीत एकजण चरण उचलतो आणि मागची ओळीच्या ओळ तो धरते. तिथं ऐकणारा वेगळा आणि गाणारा वेगळा नसतो. आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांवरून, असं मानत. आमच्या उपासनेत अभंग आणि भजन मुरलं त्यात त्यांचा वाटा मोठा. ती गीतं मंडळीनं गायची आहेत. बारा माइक लावून व्यासपीठावरचे बाराजण गायला लागले की बाकावरची दीडशे माणसं तोंड मिटतात. शिवाय जितके माइक उघडे, तितकी शिट्टी जवळ, हे मंडपवालाही कबूल करतो.

सेक्रेटरीचा शेवटचा मुद्दा असा, की सगळ्यांचे एवढे मोठे भोंगे, मग आपलाच का लहान? त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २००० मध्ये देऊन ठेवलंय, आणि तेही चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात : दुसऱ्याची शांती मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. देवाला ऐकू येतं यावर आपला विश्वास आहे ना? मग शेजाऱ्याला ऐकवण्याची एवढी घाई कशाला?

पडद्याला मात्र माझा विरोध नाही. बाईंना गीतांच्या पुस्तकातली अक्षरं आता दिसत नाहीत. पण त्याला भिंतभर एलईडी नको. साधा प्रोजेक्टर, पांढरी भिंत, एका वेळी चारच ओळी, अनुस्वार लांबून दिसेल एवढं अक्षर, आणि मागं धबधबा नको. गाताना धबधबा दिसला की आमच्याकडं म्हाताऱ्यांना बाहेर जावं लागतं. खिडक्यांतून सकाळचं ऊन येतं म्हणून जाड पडदे हवेत, आणि तेच पडदे आवाजही खातात. एका खर्चात दोन कामं! खजिनदारांचा चेहरा इथं पहिल्यांदा उजळला.

मंडपवाल्याच्या माळ्यावर दोन उभे, अरुंद स्पीकर धूळ खात होते. "दणका नाही, कुणी नेत नाही," म्हणाला. ते आम्ही भाड्यानं आणले, डोक्यांच्या वर टांगून तोंडं छपराकडं नव्हे, बाकांकडं केली. महिला मंडळानं मागच्या भिंतीवर, चार बोटं अंतर सोडून, जाड गोधड्या लटकवल्या. मग बाईंना शेवटच्या बाकावर पाटी-पेन्सिल देऊन बसवलं आणि मी माइकवरून वीस सुटे शब्द वाचले : पाट, घाट, ताट, काठ. जुन्या सेटवर नऊ बरोबर आले होते, या वेळी सतरा आले. उरलेल्या तीन चुका माझ्या उच्चारांच्या, असा बाईंनी निकाल दिला आणि मला ते शब्द पुन्हा म्हणायला लावले.

मतदान पुढच्या रविवारी आहे. सेक्रेटरी अजून भिंतीचे फोटो दाखवत फिरतोय. माझं मत मी इथं जाहीर करून टाकलंय, आणि ते बाईंचंच आहे. परवा उपासना संपल्यावर त्यांनी मला पुन्हा थांबवलं.

"आज सगळं ऐकू आलं रे."

मी खुशीत म्हटलं, "मग कसं वाटलं, बाई?"

बाईंनी इकडंतिकडं पाहून आवाज उतरवला. "खरं सांगू? उपदेश जरा लांबतो."