ओळखीचा आवाज आला म्हणून लगेच पैसे पाठवू नका



३१ जुलैला मासेमारी बंदी संपते आणि पैशांची धावपळ सुरू होते. बर्फ, डिझेल, जाळी, खलाशांची उचल. यातले कितीतरी व्यवहार आपण फोनवरच उरकतो. 'अमक्याला एवढे पाठव' असं कोणी सांगितलं की घरची माणसं पाठवून मोकळी होतात. आपला धंदा शब्दावर चालतो. पण तो शब्द खरंच त्याच माणसाचा आहे का, हे आता कानाला कळेनासं झालंय.

पूर्वी फसवणुकीचा मेसेज चटकन ओळखू यायचा. मराठी मोडकी, नाव चुकीचं. आता एआय शुद्ध मराठीत मेसेज लिहून देतं. एखाद्याच्या आवाजाचं छोटंसं रेकॉर्डिंग मिळालं की त्याच्यासारखा आवाजही काढतं. जेटीवरचे व्हिडिओ आपणच टाकतो, तेवढं पुरतं. २०२४ साली हाँगकाँगमध्ये एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपले साहेब बघितले आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे साहेब आणि सहकारी सगळे बनावट होते!

बचावालाही एआय आहे. चोरीचा पैसा फिरवायला वापरली जाणारी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' ही प्रणाली तयार केलीय. पण आपण स्वतःच पिन टाकून पैसे पाठवले, तर बँकेला तो व्यवहार आपल्या मर्जीचाच दिसतो. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की पहिला बांध आपल्या घरातच घालायला हवा.

पैशाचा फोन आला की तो ठेवायचा आणि आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. ट्रॉलर दर्यात आहे, रेंज नाही, आणि कोणी म्हणतो 'अपघात झालाय, लगेच पाठवा', तर आधी संस्थेत किंवा जेटीवर विचारा. वायरलेसवरून दुसऱ्या ट्रॉलरकडे चौकशी करता येते. घरच्यांनी मिळून एक खुणेचा शब्दही ठरवून ठेवावा, तो मेसेजमध्ये कधीच लिहू नये.

'माझ्यावर विश्वास नाही काय?' असं आपल्याच माणसाने म्हणू नये. बायकोने, आईने परत फोन करून खात्री केली तर रागावण्यासारखं त्यात काही नाही. संस्थेतही कोणाचा खाते क्रमांक फक्त फोनवर किंवा वॉट्सअॅपवर सांगून बदलू नये, सभासदाने कार्यालयात येऊन सही करावी, असा ठराव येत्या सभेत व्हावा असं आम्हाला वाटतं.

आणि एवढं करूनही कोणी फसलाच, तर त्याला हसू नका. लोक काय म्हणतील या लाजेने माणूस गप्प बसतो, तोवर पैसे चार खात्यांतून पुढे गेलेले असतात. ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात.

पटलं तर घरच्या ग्रुपवर टाका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसून समजावून सांगा.