लालबाग आलं की विमान हळू चालव!

वीकेण्ड गिरी

शुक्रवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. अख्खी पब्लिक वीकेण्डच्या मूडमध्ये आणि मी लालबागच्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत बसून जुहूच्या रनवेवरून टेक-ऑफ घेतेय. दचकू नका! हा सगळा मामला माझ्या चुलतभावाच्या कॉम्प्युटरवरचा. दादा दिवसभर परळच्या ऑफिसात एक्सेल शीटशी कुस्ती खेळतो आणि रात्री पायलट होतो. जॉयस्टिक लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणलेली. कॉकपिट म्हणजे काकूचं शिवणयंत्र. झाकण लावलं की त्यावर कीबोर्ड बसतो.

पायलट व्हायचं त्याच्या डोक्यात शाळेपासून. पण ट्रेनिंगच्या फीचा आकडा ऐकल्यावर घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. मग २००६ मध्ये आलेला ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ हीच त्याची फ्लाइंग स्कूल. तो बनवणारा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये बंद केला, तरी हा पठ्ठ्या त्याच्यावरच उडत राहिला. ऑगस्ट २०२० मध्ये नवा सिम्युलेटर आला. सॅटेलाइट फोटोंवरून उभं केलेलं अख्खं जग! दादाने दोन वर्षांचे बोनस घालून नवा कॉम्प्युटर घेतला.

पहिल्याच रात्री काका पलंगावरून म्हणाले, “आपली चाळ दाखव की रे.” दादाने विमान वळवलं. लालबाग आलं, रस्ते बरोब्बर, झाडंसुद्धा जागच्या जागी. आणि आमच्या चाळीवर काचेच्या खिडक्यांची भलतीच बिल्डिंग!

“अजून सह्या झाल्या नाहीत,” काका म्हणाले, “आणि यांनी पाडली पण?”

चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार, हे आता नक्की आहे. त्यामुळे त्या रात्री कुणी हसलं नाही.

सॉफ्टवेअरला चाळ कळत नाही

फंडा असा आहे. जमिनीचा फोटो खरा असतो, पण बहुतेक इमारती सॉफ्टवेअर अंदाजाने उभ्या करतं. छताचा आकार बघायचा, नकाशातली माहिती घ्यायची आणि आपल्या साठ्यातली जवळपासची बिल्डिंग ठोकून द्यायची. नकाशात चूक असेल तर मग आनंदच! २०२० मध्ये मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात २१२ मजली सुळका उगवला होता. कुणीतरी खुल्या नकाशात २ च्या जागी २१२ टाइप केलं होतं. लंडनचा बकिंगहॅम पॅलेससुद्धा सुरुवातीला ऑफिसच्या बिल्डिंगसारखा दिसत होता. राणीचं हे, तिथे लालबागच्या चाळीला कोण विचारतो?

यावर उपाय एकच, अॅड-ऑन. विमानं, विमानतळ, इमारती, सगळं बाहेरून आणून ‘कम्युनिटी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकता येतं. आमची चाळ अर्थातच कुणी बनवलेली नव्हती. म्हणून दादाने ठरवलं, आपणच बांधू. आणि मला मदतीला धरलं.

आपली चाळ, आपले गज

सामान सगळं फुकट. मॉडेल करायला ‘ब्लेंडर’, ते नकाशात ठेवायला सिम्युलेटरच्याच डेव्हलपर मोडमधला सीनरी एडिटर. रविवारी आम्ही टेप घेऊन गॅलरी मोजली. टेपचं दुसरं टोक काकांच्या हातात. “नीट लिही गं,” दर दोन मिनिटांनी सूचना. भिंतींचे फोटो मात्र सकाळी, ऊन यायच्या आत काढायचे. उन्हात काढले तर फोटोतली सावली भिंतीला कायमची चिकटते आणि सिम्युलेटरमध्ये संध्याकाळी दोन दिशांना दोन सावल्या पडतात.

पहिली चूक दादाची. त्याने कठड्याचा एकेक गज वेगळा बनवला. तळमजला अधिक तीन, सगळ्या गॅलऱ्यांचे शेकडो गज. परिणाम, लालबाग जवळ आलं की चित्र अडखळायचं, पीक अवरच्या ट्रॅफिकसारखं. मग गज काढले आणि कठड्याचा फोटो एका सपाट पट्टीवर लावून मधली जागा पारदर्शक केली. हजार फुटांवरून कुणाच्या बापाला कळत नाही!

दुसरी गंमत म्हणजे चाळ उभी राहिली, पण तिच्या कौलांतून जुनी काचेची बिल्डिंग डोकं वर काढून बसलेली. तिच्याभोवती ‘एक्स्क्लुजन पॉलिगॉन’ आखावा लागतो. म्हणजे सॉफ्टवेअरला दम द्यायचा, या चौकटीत तू काही बांधायचं नाहीस.

क्रॅश, बॉस!

एवढं झाल्यावर चाळ फोल्डरमध्ये टाकली आणि सिम्युलेटर लोडिंगमध्येच गडगडला. तीनदा. दादा म्हणाला, चाळच खराब आहे, डिलीट करतो. मी माऊस हिसकावून घेतला. आधी पुरावा, मग शिक्षा!

फोल्डरमध्ये ३४ अॅड-ऑन होते. सगळे बाहेर काढले, सिम्युलेटर सुरळीत सुरू. मग निम्मे, १७ आत टाकले. चालला. ते काढून दुसरे १७ टाकले. तरी चालला! मग क्रॅश कोण करतंय?

इथेच बरेच जण कॉम्प्युटर फॉरमॅट करायला धावतात. एरवी हे निम्मे-निम्मे करत गेलं की ३४ मधला गुन्हेगार फार तर सहा फेऱ्यांत सापडतो. पण भांडण दोघांचं असेल, तर वेगळे केल्यावर दोघेही साधुसंत. अशा वेळी एक निम्मा गट आत ठेवायचा आणि दुसऱ्यातला एकेक सोडत जायचं. नवव्या फेरीला सापडले. मुंबई विमानतळाचे दोन वेगवेगळे सीनरी पॅक! वर्षभरापूर्वीचा एक दादा विसरूनच गेला होता, नवा त्याने चाळीसोबत त्याच आठवड्यात टाकला होता. जुना उडवला, क्रॅश गायब. चाळ निर्दोष.

फक्त आता ती दिसेना. प्रत्येक अॅड-ऑनमध्ये ‘लेआउट’ नावाची एक यादी असते. त्या यादीत ज्या फाइलचं नाव नाही, ती सिम्युलेटरच्या लेखी अस्तित्वातच नाही. रेशन कार्डासारखं! भिंतीचे फोटो बदलल्यावर आम्ही यादी नव्याने केलीच नव्हती. त्यासाठी छोटं फुकट टूल मिळतं, दहा सेकंदांचं काम. त्यात आमचे दोन तास गेले.

वळसा घेऊन

आणि म्हणून शुक्रवारी रात्री साडेअकराला आम्ही जुहूवर. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले ते इथेच. आमच्याकडे टपाल नव्हतं, काका होते. आयुष्यात विमानात न बसलेले, पलंगाच्या कडेला सरकून बसलेले.

समुद्राच्या दिशेने टेक-ऑफ, डावीकडे वळण, वांद्रे, सी-लिंक, वरळीला पुन्हा डावीकडे. जेमतेम पाच मिनिटं. कौलं दिसली, कठडा दिसला. एवढ्या उंचीवरून चाळ काडेपेटीएवढी.

“तिसरा मजला, डावीकडून चौथी,” काकांनी बोट ठेवलं. मग म्हणाले, “हळू चालव की. किती जोरात नेतोस.”

विमान हळू चालवता येत नाही, काका, पडतं. दादाने तसं सांगितलं नाही. त्याने वळसा घेतला आणि पुन्हा वरून नेलं. मग पुन्हा.

पुढच्या वर्षी खोली रिकामी करायची आहे. चाळीचं फोल्डर दादाने दोन पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवलंय. एक माझ्याकडे आहे.

वीकेण्ड चेकलिस्ट

• एका वेळी एकच अॅड-ऑन टाका आणि लगेच उडून बघा. दहा एकदम टाकले की दोष कुणाचा ते कळत नाही.

• झिप उघडल्यावर फोल्डरच्या आत तेच फोल्डर तर नाही ना? अॅड-ऑन न दिसण्याचं हे नेहमीचं कारण.

• विमान आपोआप एका बाजूला कलतंय? जॉयस्टिक आणि गेमपॅड दोन्ही एकाच कामाला जोडलेले नाहीत ना, ते बघा. मग डेड झोन थोडा वाढवा.

• विमानचालनाची माहिती जगभर दर २८ दिवसांनी अपडेट होते. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. जुनी माहिती आणि नवी सीनरी एकत्र आली की गोंधळ ठरलेला.

• रात्री बारानंतर दुरुस्ती बंद. जे चालतंय ते घेऊन उडा. हॅपी लँडिंग!