अंक मोजून ‘क्रॅश’ ठरत नाही



सेन्सेक्स दोन टक्के घसरला की दुसऱ्या दिवशी मथळ्यात ‘क्रॅश’ ठरलेलाच. इंग्रजीतला हा शब्द आवाजावरून घडला. काही आपटून फुटले, मोडले की होणारा कडकडाट म्हणजे क्रॅश. एकोणिसाव्या शतकात तो दिवाळखोरीला चिकटला, विसाव्या शतकात विमानाला आणि पुढे संगणकाला. हार्ड डिस्कचे हेड फिरत्या तबकडीपासून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगते. ते तबकडीला घासले की ‘हेड क्रॅश’. तिथली माहिती अक्षरशः खरवडली जाते. मोडणे, बंद पडणे हा अर्थ सगळीकडे कायम आहे. नुसते खाली येणे म्हणजे क्रॅश नव्हे. धावपट्टीवर उतरणारे विमानही खालीच येते!

न्यूयॉर्कमध्ये 28 आणि 29 ऑक्टोबर 1929 ला डाऊ जोन्स निर्देशांक अनुक्रमे सुमारे 13 आणि 12 टक्क्यांनी कोसळला. पडझड पुढे चालूच राहिली आणि त्या वर्षीचा उच्चांक ओलांडायला 1954 चा नोव्हेंबर उजाडला. 19 ऑक्टोबर 1987 ला तर एका दिवसात 22.6 टक्के गेले. हे क्रॅश.

मुंबईचा हिशेब पाहा. लोकसभा निकालानंतर, 17 मे 2004 ला सेन्सेक्स 565 अंकांनी पडला. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण ती घसरण 11 टक्क्यांची होती आणि त्या दिवशी व्यवहार दोनदा थांबवावे लागले. 23 मार्च 2020 ला, करोनाच्या धास्तीने, 13 टक्के. तेव्हाही लोअर सर्किट लागून बाजार 45 मिनिटे बंद होता.

याउलट 4 जून 2024 ला सेन्सेक्स 4,390 अंकांनी आपटला, म्हणजे 2004 च्या जवळपास आठपट. टक्क्यांत मात्र पावणेसहाच. त्या दिवशी सर्किट लागले नाही आणि 7 जूनला सेन्सेक्स 3 जूनच्याही वर बंद झाला. तीन दिवसांत भरून निघालेल्या पडझडीला आणि पंचवीस वर्षे न भरलेल्या जखमेला एकच शब्द कसा चालेल?

अंक मोठे दिसतात, म्हणून मथळ्यात अंकच येतात. ते वाचून दर महिन्याच्या पगारातून एसआयपी भरणारा घाबरतो आणि नेमका तळाला विकून मोकळा होतो. घसरला, गडगडला, कोसळला अशा चढत्या पायऱ्या मराठीत असताना थेट शेवटच्या पायरीवर उडी कशाला?

निदान मथळ्यात अंकांशेजारी टक्केवारी छापावी आणि सर्किट लागेपर्यंत ‘क्रॅश’ हा शब्द राखून ठेवावा, ही विनंती.

— एक वाचक, डोंबिवली