वाकडा तास

‘शेतकऱ्याला मातीची किंमत कळत नाही,’ असे व्याख्यानांतून नेहमी ऐकू येते. मला हे पटत नाही. ज्याच्या शेतातली माती ओढ्याला जाते, त्याला ती जाताना दिसतेच. प्रश्न आहे तो ऐपतीचा. उताराचे रान चराईला बंद करा म्हटले, तर त्या साली गुरांनी खायचे काय?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात कून व्हॅली नावाचे दुभत्या गुरांचे खोरे आहे. तेथे उतारावरची चौकोनी शेते सरळ नांगरली जात, चढावरच्या रानात गुरे मोकळी सुटत आणि पावसाळी पाण्याने घळी पडत. 1933 साली सरकारने हे खोरे प्रात्यक्षिकासाठी निवडले. तज्ज्ञ आले ते नुसता उपदेश घेऊन नव्हे, तर पाच वर्षांचा करार घेऊन! शेतकऱ्याने समपातळीत पट्टे पाडून मका आणि गवत घ्यावे, तीव्र उतारावर गुरे सोडू नयेत. सरकारने बियाणे, खते, कुंपणाचे सामान आणि राबायला बेकार तरुण पुरवावेत. शेकडो शेतकऱ्यांनी सह्या केल्या. सरळ तास हा नांगरणाऱ्याचा अभिमान. वाकडा तास घालायचा म्हणजे शेजाऱ्याचे हसू सोसणे आले. पण शेजारीही वाकडाच तास घालू लागला, तर हसणार कोण?

पुढे 1935 मध्ये मृदसंधारणाचा राष्ट्रीय कायदा झाला. त्यामागे ह्यू बेनेट हा शेतकऱ्याचाच मुलगा होता. 1937 मध्ये पहिला मृदसंधारण जिल्हा स्थापन झाला, तो त्याच्याच जन्मगावच्या परिसरात, नॉर्थ कॅरोलिनात. अशा जिल्ह्यांच्या कारभारात स्थानिक शेतकऱ्यांनी निवडलेली माणसे बसू लागली, हे मला कायद्याहून मोठे वाटते.

आपल्याकडे 2015 पासून जमीन आरोग्य पत्रिका मिळते. ती हवीच. सेंद्रिय कर्ब कमी आहे, शेणखत घाला, असे ती सांगते. पण ज्या घरचे बैल विकले गेले, तेथे शेणखत कोठून यावे? त्यासाठी पत्रिकेवर रकाना नाही. (आमच्या घरी ती पत्रिका सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवली आहे.)

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की पत्रिकेबरोबर करारही द्यावा. पहिली दोन-तीन वर्षे चाऱ्याची आणि पिकाची घट भरून द्यावी. कोणत्या शिवारात काय करायचे, ते ग्रामसभेत शेतकऱ्यांनीच ठरवावे. एवढे करूनही कोणी नाही म्हणाला, तर त्याला कळत नाही असे खुशाल म्हणावे.