वर्ष वाया गेले म्हणजे नेमके काय गेले?



बारावीचा निकाल लागला की दोह्यातील आपल्या घरांघरांतून दरवर्षी एक प्रश्न डोके वर काढतो. मुलीच्या मनात फार्मसी आहे. प्रवेशपरीक्षेत गुण थोडे कमी पडलेले आहेत. बी.एस्सी.ला मात्र प्रवेश मिळतो आहे. रसायनशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, जैवतंत्रज्ञान आहे. वडील म्हणतात, "मिळते आहे ते घे, पुढचे पुढे पाहू. शेवटी औषधाशीच संबंध आहे ना?" आई काही बोलत नाही. मुलगी मान खाली घालून अर्ज भरू लागते. घरावरचे संकट टळले असे सर्वांना वाटते. ते खरोखरच टळले काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. जयंतीच्या कार्यक्रमानंतर जेवणाच्या पंगतीत येतो, शुक्रवारच्या सुटीत भेटीला आलेल्या कुटुंबांकडून येतो. त्यावर उत्तर देताना आमची आजवर चूक होत आली, हे प्रथम कबूल केले पाहिजे. आमच्या पिढीतील बहुतेकांनी शिक्षणाची निवड अशी केलीच नाही. जे दार उघडे दिसले त्यातून आत शिरलो. दार बंद होईल ही भीती आमच्या हाडीमांसी खिळलेली होती. म्हणूनच "आधी आत शिर" हा एकच सल्ला आम्ही मुलांना देत राहिलो. त्या सल्ल्याने अनेकांचे भले झाले, हे खरे. परंतु फार्मसीच्या बाबतीत तो सल्ला पुन्हा तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

याचे कारण कायद्यात आहे. भारतात १९४८ चा फार्मसी कायदा लागू आहे व भारतीय फार्मसी परिषद त्या कायद्यान्वये काम करते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करण्याचा व रुग्णास देण्याचा अधिकार या कायद्याच्या ४२ व्या कलमाने नोंदणीकृत फार्मासिस्टपुरता राखून ठेवला आहे. ही नोंदणी परिषदेने मान्य केलेल्या फार्मसीच्या पदविकेने वा पदवीनेच होते. रसायनशास्त्रात प्रथम वर्ग मिळविलेला पदवीधर, किंबहुना जैवतंत्रज्ञानातील पदव्युत्तर पदवीधरसुद्धा, त्या नोंदवहीत नाव घालू शकत नाही. एम.फार्म.लाही बी.फार्म.च लागते. औषध निरीक्षकाच्या पदालाही बी.एस्सी. चालत नाही. येथे कतारमध्येही फार्मासिस्ट म्हणून परवाना हवा असेल तर फार्मसीची पदवी, मूळ कागदपत्रांची पडताळणी आणि परीक्षा या पायऱ्या चढाव्याच लागतात. अर्थात, 'जवळची पदवी' हा शब्दच येथे फसवा आहे. अभ्यासाचे विषय जवळचे असतात. परंतु व्यवसायाचे दार दुसऱ्याच भिंतीत असते.

म्हणजे संबंधित पदवी निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार औषधांच्या घाऊक विक्रीच्या परवान्यासाठी नोंदणीकृत फार्मासिस्टच हवा असे नाही. औषधव्यवसायाचा एक वर्षाचा अनुभव असलेला कोणत्याही शाखेचा पदवीधरही चालतो. कारखान्यातील काही उत्पादनांच्या देखरेखीसाठी रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेला अनुभवी विज्ञान पदवीधर नियमांना मान्य आहे. गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळा, लसनिर्मिती, संशोधन ही क्षेत्रे तर त्यालाच शोधीत असतात. ज्या मुलाला प्रयोगशाळेची ओढ आहे, औषधाचा रेणू कसा घडतो याचे कुतूहल आहे, त्याच्यासाठी बी.एस्सी. ही दुय्यम निवड नव्हे. किंबहुना त्याच्यासाठी तीच पहिली निवड असावी. आपल्या महाराष्ट्राच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे केंद्र २०२१ पासून दोह्यातच सुरू झाले आहे आणि तेथे जैवतंत्रज्ञानाचे शिक्षण घरी राहून घेता येते, ही आपल्या कुटुंबांसाठी लहान गोष्ट नाही. सावित्रीबाईंचे नाव धारण करणारे विद्यापीठ आखातात आले, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु ज्या मुलीला फार्मासिस्टच व्हायचे आहे, तिला आपण "बी.एस्सी. कर, मग फार्मसीकडे वळता येईल" असे सांगतो, तेव्हा आपण तिला नकळत चुकीची माहिती देतो. येथे साधा हिशेब मांडून पाहावा. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दिली व बी.फार्म. मिळाले तर बारावीनंतर पाच वर्षांत पदवी हाती येते. आधी तीन वर्षांची बी.एस्सी. करून मग बी.फार्म. केले तर सात वर्षे लागतात. बी.एस्सी.चा एक वर्ष अभ्यास करून ती सोडली, तर थांबण्याइतकाच काळ गेला आणि शुल्कही गेले. यांशिवाय तिसराही मार्ग आहे व त्याचा विचार आपल्या घरांत फारसा होत नाही. तो म्हणजे दोन वर्षांची डी.फार्म. पदविका. ती पूर्ण करणाऱ्यास बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दोन अधिक तीन, म्हणजे पुन्हा पाचच वर्षे. शिवाय वाटेत शिक्षण थांबवावे लागलेच तर नोंदणीचा मार्ग मोकळा असतो. २०२२ मध्ये पदविकाधारकांसाठी निर्गमन परीक्षेचे नियम आले आहेत, ते मात्र आधी समजून घ्यावेत. आणि कोणत्याही महाविद्यालयात पैसे भरण्यापूर्वी त्यास त्या वर्षासाठी फार्मसी परिषदेची मान्यता आहे की नाही, हे स्वतः पाहावे. मान्यता नसलेल्या संस्थेतील वर्षे ही खऱ्या अर्थाने वाया गेलेली वर्षे होत.

दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. वडिलांची घाई ही अज्ञानातून येते असे म्हणणे अन्यायाचे होईल. येथील नोकरी कराराची आहे. कंपनीचे काम संपले की कुटुंबाचे वास्तव्यही संपते. मुलगा शिक्षणासाठी भारतात गेला व सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिला, तर त्याच्या येथील निवासपरवान्याचा प्रश्न उभा राहतो. मागे धाकटी भावंडे असतात, गावी घराचे हप्ते असतात. अशा माणसाला "एक वर्ष थांबा" असे सांगणे सोपे असते. ते वर्ष पेलावे त्यालाच लागते. हातात एक पदवी असली की निदान पोराचे पोट भरेल, हा त्याचा हिशेब अनुभवाने शिकविलेला आहे. ज्या घरात उद्याची खरोखरच शाश्वती नाही, तेथे मिळणारी पदवी घेणे हा पराभव नव्हे, हे आम्ही स्पष्टपणे नोंदवितो. आमचे म्हणणे इतकेच की तो निर्णय डोळे उघडे ठेवून घेतलेला असावा. ही पदवी वेगळ्या वाटेची आहे हे मुलाला सांगून घेतलेला असावा.

याहून एक नाजूक गोष्ट आहे. मुलगा वर्षभर थांबला तर तो 'तयारी करतो आहे' असे आपण म्हणतो. मुलगी थांबली तर ती 'घरी आहे' असे म्हणतो, आणि पाहता पाहता स्थळे सुचविली जाऊ लागतात. मग घाबरून मुलगीच म्हणते, बी.एस्सी. तर बी.एस्सी. असा निर्णय शिक्षणाचा नसतो, तो भीतीचा असतो. कतार विद्यापीठात २००७ मध्ये औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तेथील पदवी प्रारंभी केवळ विद्यार्थिनींसाठी होती. ज्या देशात आपण राहतो त्याने हे शिक्षण प्रथम मुलींच्या हाती दिले, हे ध्यानात ठेवून आपण आपल्या लेकींकडे पाहावे.

थांबणे म्हणजे मागे पडणे, ही समजूत तर आपण सर्वप्रथम टाकून दिली पाहिजे. बाबासाहेबांचे चरित्र आपण दरवर्षी सांगतो, परंतु त्यातील १९१७ ते १९२० ही वर्षे घाईने ओलांडतो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी मिळवून ठेवली. मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. ही त्या थांबण्याची फळे होत. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. त्यांनी ध्येय बदलले नाही. आणि मधला काळ त्यांनी रिकामा जाऊ दिला नाही. शाळेत असताना त्यांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही व त्याऐवजी फारसी घ्यावी लागली, हेही आपणांस ठाऊक आहे. जवळचा विषय तेव्हा व्यवस्थेने त्यांच्यावर लादला होता. आज आपणच आपल्या मुलांवर तो लादू नये.

तथापि, थांबण्यालाही अटी हव्यात. नाहीतर थांबणे हे केवळ लांबणीवर टाकणे ठरते. पहिली अट, गुण कशामुळे कमी पडले याचे उत्तर घरात प्रामाणिकपणे शोधावे. अभ्यास कमी पडला, विषय कच्चा राहिला की परीक्षेची पद्धतच अपरिचित होती? येथील शाळांतून केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम शिकलेल्या मुलाला महाराष्ट्राच्या प्रवेशपरीक्षेतील राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांचा परिचय नसतो. हे कारण एका वर्षात दूर होऊ शकते. विषयाचीच नावड असेल तर ती वर्षाने दूर होत नाही. दुसरी अट, थांबणे एकाच वर्षासाठी असावे व पुढील वर्षी काय करावयाचे हे आजच ठरलेले असावे. तिसरी अट, फार्मसीच्या प्रवेशफेऱ्या पुष्कळदा लांबतात. तेव्हा पहिल्या फेरीत नाव आले नाही म्हणून त्याच दिवशी आशा सोडू नये.

आणि कागदपत्रांसाठी तर हे वर्ष सोन्यासारखे आहे. अनुसूचित जातीच्या आरक्षणासाठी जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागितले जातात. आजोबांच्या शाळेचा दाखला गावच्या शाळेतून काढणे हे दोह्यात बसून आठ दिवसांत होणारे काम नव्हे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या, परंतु प्रमाणपत्रावरील एका शब्दाच्या फरकाने अर्ज अडकलेले आम्ही पाहिले आहेत. आखातातील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी प्रवेशनियमांत निराळ्या जागांचीही तरतूद असते. कोणत्या दाराने जावयाचे हे त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचून ठरवावे. ऐकीव माहितीवर ठरवू नये.

हा सर्व खटाटोप एका व्यवसायासाठी कशाला, असे कोणी विचारील. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी काठेवाडातील एका शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाली होती. बाळंतीण पत्नी आजारी पडली तेव्हा आलेल्या डॉक्टराने तापमापक तिच्या हाती दिला नाही. तो आधी एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला आणि पतीने पत्नीला. ती बाई वाचली नाही. औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये कोणाचा हात असावा, हा प्रश्न आपल्या समाजाने असा भोगलेला आहे. त्याच समाजाची मुलगी उद्या एखाद्या रुग्णालयाच्या खिडकीआड उभी राहून कोणत्याही देशाच्या, कोणत्याही जातीधर्माच्या माणसाच्या हातात औषध ठेवील आणि ते कसे घ्यावे हे समजावून सांगेल. त्या दृश्यासाठी एक वर्ष मोजावे लागले तर ते महाग आहे असे आम्हांस वाटत नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, आपल्या मंडळाने निकालानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी विद्यार्थी व पालक यांची बैठक दरवर्षी घ्यावी. येथे औषधालयांत व रुग्णालयांत काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी तीत मुलांशी मोकळेपणाने बोलावे. दहावीतच वैधता प्रमाणपत्राची आठवण करून देणारे एखादे टिपण प्रत्येक कुटुंबास द्यावे. आणि ज्या घरातील मूल थांबण्याचा निर्णय घेईल, त्या घरी जाऊन "वर्ष वाया गेले" हे शब्द कोणीही उच्चारू नयेत. त्याऐवजी "अभ्यास कुठवर आला?" एवढेच विचारावे.

शेवटी निर्णय मुलाचाच असावा. आपण त्याला खरी माहिती द्यावी, घराची परिस्थिती लपवून ठेवू नये आणि मग त्याच्या निवडीमागे उभे राहावे. जे दार उघडे दिसले त्यातून आमची पिढी आत शिरली. पुढच्या पिढीला आपले दार ओळखून त्यावर दुसऱ्यांदा थाप मारण्याची मुभा असावी. एवढे आपण करू शकलो तरी परदेशातील आपल्या कष्टांचे चीज झाले असे आम्ही मानू.

जयभीम.