विश्लेषण : वयात येण्याचा धडा दहावीपर्यंत का थांबतो?

मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा साधारण ८ ते १३ या वयात दिसू लागतात, मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात मात्र मानवी प्रजननसंस्था आणि मासिक पाळीचे चक्र सविस्तर येते ते दहावीच्या विज्ञानात. तोवर बहुतेकांच्या शरीरातील बदल होऊन गेलेले असतात. धडा उरतो तो आकृती काढून गुण मिळवण्यापुरता.

शरीरात नेमके काय घडते?

मेंदूकडून संदेश मिळाला की पीयूषिका ग्रंथी मुलींमध्ये अंडाशयांना आणि मुलग्यांमध्ये वृषणांना कामाला लावते. तेथील संप्रेरकांमुळे शरीर बदलते. मुलींमध्ये सहसा आधी स्तनांची वाढ सुरू होते आणि पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. सुरुवातीची एक-दोन वर्षे ती अनियमित असू शकते. मुलग्यांची उंची सुमारे दोन वर्षे उशिरा झपाट्याने वाढते. म्हणूनच सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात आणि काही मुलगे उगाच खट्टू होतात. एवढे जरी वेळेत कळले, तरी निम्मी भीती जाते.

मनाचे काय?

या वयात भावना चेतवणारे मेंदूचे भाग आधी जोमाने काम करू लागतात, तर आवर घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. त्यामुळे चटकन येणारा राग, आकर्षण, आईवडिलांपेक्षा मित्रांच्या मताला येणारी किंमत हे सारे वाढीचाच भाग असते. त्याला ‘आगाऊपणा’ म्हणून गप्प केले, तर नकार कसा द्यावा, तो कसा पचवावा, कोणी त्रास दिला तर कोणाला सांगावे, हे मूल शिकणार कुठे?

मुलगे कुठे आहेत?

पाळीविषयी माहिती द्यायची म्हटले की अनेक शाळांत मुलींना वर्गात बसवतात आणि मुलग्यांना मैदानावर पाठवतात. मग डाग पडलेल्या गणवेशावर हसणारा मुलगा घडतो. त्याच्या स्वतःच्या शंकांनाही कोणी वाली नसतो. झोपेत होणाऱ्या वीर्यस्खलनाला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो. नैसर्गिक गोष्टीच्या नावातच दोष! घाबरलेला मुलगा मग भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींकडे किंवा मोबाइलवरील अश्लील चित्रफितींकडे वळतो.

विरोध कशाला?

महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि त्यासाठी खटलेही सोसले. २००७ मध्ये विधिमंडळातील आक्षेपांनंतर राज्याने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. ‘माहिती दिली की मुले बिघडतात’ ही पालकांची भीती खरी असते, पण तिला आधार नाही. अनेक देशांतील अभ्यास तपासून युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली. अशा शिक्षणाने मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, असे त्यातील निष्कर्ष सांगतात.

मार्ग काय?

नवी योजना आखण्याची गरज नाही. केंद्राच्या २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ‘वाढीचे वय’, भावनिक आरोग्य, परस्परसंबंध, स्त्री-पुरुष समानता, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे विषय त्यात आहेत. गरज आहे ती या तासांना वेळापत्रकात पाचवी-सहावीपासून पक्की जागा देण्याची. आधी पालकसभा घेऊन काय शिकवणार ते दाखवावे. मुलामुलींचे काही तास वेगळे, काही एकत्र घ्यावेत. चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न विचारण्याची सोय ठेवावी. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकचा पत्ता फलकावर लावावा.

घरानेही आपला वाटा उचलायला हवा. ‘कावळा शिवला’, ‘अडचण आहे’ यापेक्षा ‘पाळी आली’ म्हणणे सोपे आहे. आणि ते फक्त आईचे काम नाही. मुलगी बाबांनाही दुकानातून पॅड आणायला सांगू शकेल आणि मुलगा न घाबरता आपली शंका विचारू शकेल, तेव्हा धडा पोहोचला म्हणायचे. शरीर परीक्षेच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. धड्यानेच थोडे लवकर यायला हवे.